आपली माणसं : कोंबड्या पाळणारे कंडक्टर



मागच्या शब्बाथला जेवताना नात म्हणाली, "आजी, मला कंडक्टर व्हायचंय." माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो बेस्टच्या बसमधला कंडक्टर, खांद्याला चामड्याची पिशवी लावलेला! पोरगी हसत सुटली. "आजी, ऑर्केस्ट्राचा गं!"

तेव्हा मला मुंबईत जन्मलेले आपले झुबिन मेहता आठवले. १९९४ साली ते इस्रायलचा वाद्यवृंद घेऊन भारतात आले होते. पण आज मी सांगणार आहे ते आपल्या ऑकलंडला राहून गेलेल्या एका ज्यू कंडक्टरबद्दल. त्यांचं नाव जॉर्ज टिंटनर.

त्यांचा जन्म २२ मे १९१७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. तिथल्या प्रसिद्ध बालगायकवृंदात घेतलेला हा पहिला ज्यू मुलगा. फ्रान्झ शाल्क यांच्या हाताखाली तो ब्रुकनर या संगीतकाराच्या रचना गायला. शाल्क हे स्वतः ब्रुकनरचे शिष्य. पुढे टिंटनर व्हिएन्नाच्या फोक्सऑपर या संगीत नाट्यगृहात सहायक कंडक्टर झाले. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू म्हणून त्यांचं काम गेलं. ते देश सोडून निघाले आणि १९४० साली न्यूझीलंडला पोहोचले.

बाळांनो, कंडक्टर स्वतः एक सूरही वाजवत नाही. हातातल्या काठीने तो ताल दाखवतो, कोणी कधी सुरुवात करायची, कुठे हळू वाजवायचं हे सांगतो. म्हणजे वाजवणारी माणसं समोर नसतील तर त्याची विद्या मुकीच. आणि त्या वेळी या देशात कायमचा पगारी राष्ट्रीय वाद्यवृंदच नव्हता, तो १९४६ साली स्थापन झाला. वर युद्धाचे दिवस. जर्मन बोलणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघायचे.

मग टिंटनरनी काय केलं? कोंबड्या पाळल्या, अंडी विकली. पण काठी टाकली नाही. चर्चच्या गायकांना शिकवलं. १९४६ साली ते इथले नागरिक झाले. पुढे ऑकलंड कोरल सोसायटी आणि ऑकलंड स्ट्रिंग प्लेयर्स यांचं काम त्यांच्याकडे आलं. १९५४ साली ते ऑस्ट्रेलियाला गेले. मग दक्षिण आफ्रिका, इंग्लंड आणि १९८७ पासून कॅनडा. एवढी वर्षं काम करूनही जगात मोठं नाव काही झालं नाही.

ते झालं सत्तरी उलटल्यावर. नॅक्सॉस कंपनीसाठी त्यांनी ब्रुकनरच्या सगळ्या सिम्फनी रेकॉर्ड केल्या आणि जगभर वाहवा झाली. त्यातली सहावी सिम्फनी वाजवली ती आपल्या न्यूझीलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राने! हेच ब्रुकनरचं संगीत नाझींनी आपलं म्हणून मिरवलं होतं. १९३७ साली हिटलरने स्वतः ब्रुकनरच्या पुतळ्याचं अनावरण केलं होतं. पण टिंटनरनी ते संगीत नाझींना देऊन टाकलं नाही. लहानपणी शिकलेलं ते त्यांचंच होतं.

२ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅनडात हॅलिफॅक्सला त्यांचं निधन झालं.

मंडळी, इथे आल्यावर आपल्यातल्या किती जणांनी शिक्षण बाजूला ठेवून मिळेल ते काम केलं! काही जण मुलांना ते सांगायला अजूनही लाजतात. कशाला लाजायचं? आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते नाव आपण आज अभिमानाने सांगतो ना?

तेव्हा बाळांनो, या शब्बाथला आजी-आजोबांना विचारा, "या देशात आल्यावर तुम्ही पहिलं काम कोणतं केलं?" आणि आजी-आजोबांनो, खरं सांगा बरं का!

पुढच्या अंकात भेटू. शालोम.