भाड्याच्या खोलीतील ताळेबंद

रक्तदानाचे महत्त्व सांगणारे फलक वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपल्या अनेक शाखांमधून लावले जातात. त्या फलकाखाली उभे राहून रक्तदात्यांना प्रमाणपत्रे देण्याचे काम मीही वर्षानुवर्षे केले आहे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात इंदूरला वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आमच्या कन्येने तिच्या महाविद्यालयातील अशाच एका शिबिरात नाव नोंदवले आणि तिला तेथून परत पाठवण्यात आले. रक्तदात्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रति डेसिलिटर किमान १२.५ ग्रॅम असावे लागते, तिचे ९.८ भरले. "बाबा, माझे रक्त नापास झाले," असे तिने रात्री दूरध्वनीवर हसत सांगितले. मला हसू आले नाही. प्रमाणपत्रे वाटताना परत गेलेल्यांची चौकशी आपण कधीच केली नव्हती, हे त्या रात्री प्रथम लक्षात आले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. हा आकडा वाचताना आपल्या डोळ्यांसमोर दुष्काळी पाडा किंवा झोपडपट्टी येते. अधिकारी वर्गातील कुटुंबाची, दरमहा वेळेवर पैसे पोहोचणारी मुलगी येत नाही. बँकेच्या बदल्यांमुळे आम्ही भोपाळला आलो आणि ती शिक्षणासाठी इंदूरच्या भंवरकुआं परिसरात दोन मैत्रिणींसह भाड्याच्या खोलीत राहिली. पैसे पाठवले म्हणजे पोषण पोहोचले, असा आमचा समज होता.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि 'दिवसभरात काय खाता ते लिहून आणा' असे सांगितले. मुलगी वाणिज्य शाखेची असल्याने तिने नुसती यादी न करता वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात रुपये, दुसऱ्यात पोटात गेलेला पदार्थ आणि तिसऱ्यात त्यापायी निर्माण झालेला कचरा. तिसरा रकाना तिला इंदूरने सुचवला असे म्हणावे लागेल. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात अग्रस्थानी राहिलेल्या या शहरात कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या नाहीत. सकाळी गाणे वाजवत गाडी येते आणि ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी व घातक अशा सहा प्रकारांत वेगळा केलेला कचराच तिच्यात टाकावा लागतो. रोज सकाळी स्वतःच्या हाताने वेगळे करावे लागले, की आपण काल काय केले हे विसरण्याची सोय राहत नाही.

ती वही मी पाहिली आहे. महिनाभराच्या नोंदी पाहून मला जे जाणवले ते असे, की तिन्ही रकान्यांत जड ठरलेल्या ओळी बहुतांशी त्याच होत्या. रात्री अकराला मागवलेले खाणे घ्या. पैशांत ते दिवसातील सर्वांत महाग. पोषणात मैदा, तेल आणि मीठ. कचऱ्यात दोन डबे, एक चमचा आणि चटणीच्या चार पुड्या. शीतपेयाची एक लहान बाटली म्हणजे सात-आठ चमचे साखर आणि वर रिकामी बाटली. सकाळी न्याहारीऐवजी आणि दुपारी जेवणाबरोबर कागदी पेल्यातील चहा. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही, हे तिला डॉक्टरांकडून कळले. त्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि गरम पाणी पंधरा मिनिटे राहिल्यास १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले होते. हे तिने स्वतः शोधून काढले.

सर्वांत लाजिरवाणी ओळ मात्र डब्याची होती. खानावळीच्या डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण आणि भात येई. चारपैकी दोन पोळ्या जवळजवळ रोज ओल्या कचऱ्यात जात, आणि भाजी पुरत नाही म्हणून रात्री बाहेरून मागवले जाई. तिने डबेवाल्या मावशींना दोन पोळ्या कमी करून भाजी आणि वरण वाढवण्याची विनंती केली. मावशींनी ती त्याच पैशांत मान्य केली. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, असे आमच्या सौ.ने विचारले तेव्हा कन्येचे उत्तर होते, "लिहिले नव्हते ना."

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. पहिल्या उत्साहात तिने बांबूचा दात घासण्याचा ब्रश, स्टीलच्या नळ्या आणि 'पृथ्वी वाचवा' असे छापलेली पिशवी घरपोच मागवली होती. हा सारा ऐवज पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात, फुगवलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला. घरात आधीच कापडी पिशव्या सहा होत्या. पर्यावरणप्रेमाची सुरुवात खरेदीने करण्याची ही चूक केवळ तरुणांची नाही. आपणही आरोग्याचा संकल्प सोडताना प्रथम महागडे बूटच घेतो.

दुसरी चूक आमच्या पिढीची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. मुलांनी असे काही सुरू केले, की 'हे सगळे आम्ही पूर्वीच करत होतो' असे आपण सुनावतो. आम्ही कापडी पिशवी नेत होतो, भाकरी खात होतो, सायकलने शाळेत जात होतो हे खरे आहे. परंतु त्यात निवडीचा भाग किती होता? दुसरे परवडत नव्हते म्हणून ते होते. हातात पैसा येताच प्लास्टिकची पिशवी, बंद बाटलीतील पाणी आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही दुचाकी, हे सारे आपणच घरात आणले. ज्वारी आणि बाजरी ताटातून बाजूला सारली तीही आपणच. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून भारताच्या प्रस्तावावरून साजरे झाले तेव्हा टाळ्याही आपणच वाजवल्या. हातात पैसे असताना, एका बोटाच्या स्पर्शाने काहीही दाराशी येत असताना जो विद्यार्थी थांबतो, त्याचे थांबणे आपल्या काटकसरीपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. त्याला उपदेशाची नव्हे, साथीची गरज आहे.

आणि साथ कोठे मिळत नाही, हे पाण्याच्या ओळीने दाखवले.

तिच्या वहीत रोज एक लिटरच्या दोन बाटल्यांची नोंद असे. तिघींच्या मिळून सहा. वीस रुपयांप्रमाणे दिवसाचे १२० रुपये. तिघींनी वर्गणी काढून किटली घेतली, नळाचे पाणी गाळून ती उकळू लागली. सहा लिटर पाणी उकळण्यास साधारण अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते. आठ रुपये युनिट धरले तरी खर्च पाच रुपयांच्या आसपास. हिशेब इतका एकतर्फी होता, की माझ्यासारख्या कर्जप्रस्तावात चुका शोधणाऱ्या माणसालाही त्यात खोट काढता येईना. तरीही मी विरोध केला. परगावी राहणाऱ्या मुलीने नळाचे पाणी प्यावे हे माझ्या मनाला पटत नव्हते. तिने मला २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनाचा दाखला दिला. त्यात बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिककण आढळले होते. मी म्हटले, कणांनी उद्या काय होईल ते उद्या पाहू, जंतूंनी आजच आजारी पडशील.

इंदूरचे पाणी म्हणजे नर्मदेचे पाणी. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूद येथून ते डोंगर चढवून शहरात आणले जाते आणि त्यासाठी महापालिकेला दरमहा कोट्यवधी रुपयांचे वीजबिल येते. या खर्चावर उपाय म्हणून जलूद येथे ६० मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे थेट जनतेसाठी खुले केले. बँकव्यवसायातील आपल्यापैकी अनेकांनी त्याची चर्चा कौतुकाने केली होती. नळ सोडून वाहणारे पाणी हे नुसते पाणी नसून डोंगर चढवून आणलेली वीज आहे, हे कन्येला मी मोठ्या अभिमानाने समजावले. तिने ते वहीत लिहिले.

त्यानंतर २०२५ च्या डिसेंबरअखेर त्याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि अनेकांचे प्राण गेले. देशातील सर्वांत स्वच्छ म्हणून गौरवलेले शहर! बातमी पाहताच मी दूरध्वनी केला आणि पहिले वाक्य काय बोललो असेन, याची वाचकांना कल्पना येईल. "सांगितले नव्हते?" असे मी म्हणालो. तिकडून थोडा वेळ काहीच उत्तर आले नाही. मग ती म्हणाली, "आम्ही उकळतो, बाबा. म्हणून आम्ही ठीक आहोत. पण ज्यांना परवडते ते सगळे बाटलीवर गेले, तर नळाची तक्रार करायला मागे उरणार कोण?"

या प्रश्नाला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. काळजी आहे, ती तशीच आहे. परंतु तिच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य केले पाहिजे. बाटली ही त्या कुटुंबाची सुटका असते, त्या नळाची नव्हे. आरोग्य आणि पर्यावरण हे आपण दोन स्वतंत्र विषय मानतो. भागीरथपुऱ्यात ते एकाच नळातून आले.

विद्यार्थ्याच्या सद्वर्तनाला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा आखणारे बहुधा मोठे लोक असतात. खोलीतील पंख्याचेच पाहा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नव्या तंत्राचा सुमारे ३० वॉट. दिवसाचे सोळा तास धरले तर महिन्याला वीसेक युनिटांची बचत होते, म्हणजे दीडशेहून अधिक रुपयांची. अशा पंख्याची किंमत दोन उन्हाळ्यांत वसूल व्हावी. परंतु वीजबिल भरतात भाडेकरू आणि पंखा असतो घरमालकाचा. तेव्हा मालकाला घाई नाही, आणि मुली दोन वर्षांत निघून जाणार म्हणून त्यांना गुंतवणूक परवडत नाही. तिघींनी पंखा स्वतः घेऊन भाड्यातून हप्त्याने रक्कम वळती करण्याचा रीतसर लेखी प्रस्ताव दिला. मालकांनी तो वाचून विचारले, "पंखा घूम तो रहा है ना?" प्रस्ताव तेथेच निकाली निघाला.

महाविद्यालयांची कथा निराळी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि पुढे तो प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात आला. त्याचे पुस्तकही पुण्याच्या डॉ. इराक भरूचा यांनी मनापासून लिहिले आहे. पण ज्या इमारतीत त्याची परीक्षा होते, तिच्या उपाहारगृहात पेला कागदी, बशी एकदाच वापरून फेकण्याची आणि पिण्याच्या पाण्याच्या नळावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी, हे दृश्य मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. विद्यार्थी त्या विषयात उत्तीर्ण होतो. उपाहारगृहाची परीक्षा कोणी घेत नाही.

कन्येचे हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत १२.१ होते. गोळ्यांचा वाटा त्यात मोठा आहे. पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि लिंबू पिळलेल्या पोह्यांचाही थोडा असावा. रात्रीचे मागवणे पूर्ण बंद झालेले नाही. परीक्षेच्या दिवसांत वही कोरी राहते. सराफ्यातील रात्रीच्या खाऊगल्लीला तिने वहीतून अधिकृत सूट दिली आहे आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे; इंदूरला राहून गराडू आणि जिलबी वर्ज्य करण्याइतके कठोर होऊ नये.

तिच्याकडून घेतलेली एक गोष्ट मी आमच्या शाखेत करून पाहिली. ग्राहक मेळाव्यात प्रत्येक खुर्चीसमोर पाण्याची एकेक लहान बाटली ठेवण्याची आपली प्रथा आहे. मेळावा संपल्यावर त्यांतील निम्म्या अर्धवट भरलेल्या असतात आणि सफाई कामगार त्या मोरीत रिकाम्या करतात. मागील मेळाव्यात आम्ही त्याऐवजी स्टीलचे जग आणि पेले ठेवले. एका ज्येष्ठ खातेदारांनी पेला उचलला, खाली ठेवला आणि विचारले, "पाणी कोणते आहे?" शिपायाने सांगितले, शाखेच्या यंत्राचे. "यंत्र शेवटचे साफ केव्हा केले?" याचे उत्तर शिपायाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. नोंदी काढल्यावर असे दिसले, की गाळणी बदलण्याची मुदत सात महिन्यांपूर्वीच संपली होती. आता ती बदलली आहे, छतावरची टाकी धुऊन घेतली आहे आणि दोन्हींची तारीख यंत्राशेजारच्या भिंतीवर, ग्राहकांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहिली आहे.