भाव आधी की हक्क? म्हसळ्यातील नवख्या गुंतवणूकदाराचा प्रश्न

मुंबईत नोकरी करून आठ-दहा लाखांची शिल्लक साठवलेल्या माणसाने स्थावर मालमत्तेतील गुंतवणुकीचा आरंभ कोठून करावा, या प्रश्नाला दक्षिण रायगडात सर्रास दिले जाणारे उत्तर असे की, शहरात घर घेणे परवडत नसेल तर म्हसळ्याच्या बाजूला चार-पाच गुंठे घेऊन ठेवावेत. माणगावहून मोर्बा आणि साई मागे टाकून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता म्हसळ्यातून जातो, दिवेआगर आणि हरिहरेश्वर येथे जाणारे पर्यटक याच वाटेने जातात, आणि दिघी बंदर शेजारच्या श्रीवर्धन तालुक्यात आहे. या भूगोलावर जो पूर्वपक्ष उभा केला जातो, त्याची विधाने तीन आहेत. जमीन नव्याने निर्माण होत नसल्याने तिचा भाव उतरत नाही. प्रकल्प येत असल्याने तो लवकरच चढेल. आणि एकदा सातबाऱ्यावर नाव लागले की मालकीची चिंता संपते. यांपैकी पहिली दोन विधाने अर्धसत्य आहेत. तिसरे चुकीचे आहे, आणि नवख्याचे भांडवल बुडते ते बहुधा याच तिसऱ्या विधानावर विसंबल्याने.

प्रकल्पांच्या घोषणा खोट्या नाहीत. मुंबईला न्हावा-शेवाशी जोडणारा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचा समावेश आहे. परंतु घोषणा आणि भाव यांच्यामध्ये किती वर्षे जातात हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी सप्टेंबर 2008 मध्ये पेणकडील 22 गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले आणि पुढे तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. दिघी बंदर चालवणारी मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2021 मध्ये अदानी पोर्ट्सने ती 705 कोटी रुपयांना घेतली. बंदरात प्रत्यक्ष गुंतलेल्या कंपनीचा अंदाज चुकू शकतो, तर बंदरापासून कित्येक किलोमीटर दूर डोंगरउतारावर गुंठे घेणाऱ्याचा अंदाज अचूक ठरेल असे मानण्यास आधार नाही. शिवाय जमीन प्रकल्पाच्या हद्दीत आली तर ती संपादित होते आणि हद्दीबाहेर राहिली तर तिला गिऱ्हाईक कधी मिळेल हे सांगता येत नाही. एजंट मात्र या दोन्ही शक्यता ‘प्रकल्पालगत’ या एकाच शब्दात बसवतो.

भावाच्या विधानाची परीक्षा साध्या हिशेबाने होते. जमीन दहा वर्षांत दुप्पट होते असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे 7.2 टक्के. दहा लाखांच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मोजणी आणि कुंपण यांचा खर्च सत्तर हजार धरला आणि विक्रीच्या वेळी दोन टक्के दलाली गेली, तर हाच दर करापूर्वी 6.2 टक्क्यांच्या आसपास येतो. हा परतावा बँकेतील मुदत ठेवीच्या जवळपासचाच आहे, आणि ठेव मोडायला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

तिसऱ्या विधानाचे खंडन सविस्तर करणे आवश्यक आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. पहिल्यात जमीन कोणाच्या नावे आहे हे असते, दुसऱ्यात पिकांची नोंद असते. हा महसूल वसुलीसाठी ठेवलेला अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणजेच ती विरुद्ध सिद्ध होऊ शकते. खरेदीखताची नोंदणीही दस्ताची असते, हक्काची नसते. विकणाऱ्याकडे जे नव्हते ते दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याने घेणाऱ्याकडे येत नाही.

म्हसळ्यासारख्या ठिकाणी हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. हा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यानंतर येथे कुळकायदा लागू झाला, आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले. ज्या कुळाने कलम 32 म प्रमाणे खरेदीचे प्रमाणपत्र घेतले नाही, त्याचा हक्क आणि जुन्या मालकाच्या वारसांचा दावा यांचा गुंता आजही फेरफारांत, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदवहीत, सापडतो. प्रमाणपत्र असेल तरी कलम 43 चे विक्रीवरील निर्बंध तपासावे लागतात. जमीन ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर तिचे हस्तांतरण बहुधा पूर्वपरवानगीवाचून होत नाही; आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावर महसूल अधिनियमाच्या कलम 36 अ चा वेगळा अंकुश आहे. डोंगरउताराच्या वरकस जमिनीबाबत, म्हणजे गवत आणि राबासाठी राखलेल्या हलक्या जमिनीबाबत, आणखी एक धोका असतो : 1975 च्या खाजगी वने संपादन अधिनियमाने त्या वर्षीच्या 30 ऑगस्टपासून अनेक खाजगी वने शासनाकडे गेली, पण सर्वच सातबाऱ्यांवर ती नोंद वेळेवर उतरली नाही. सखल भागात राजपुरी खाडीच्या फाट्यालगत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत.

याखेरीज वारसांचा प्रश्न आहे. या भागातील घरे मुंबईत आणि आखाती देशांत पांगलेली आहेत, आणि उताऱ्यावर पणजोबांच्या नावाखाली तीस-तीस नावे लागलेली असतात. हिंदू कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः सहदायाद आहेत. मुस्लिम कुटुंबात शरियतप्रमाणे पत्नी आणि मुलींचे हिस्से ठरलेले आहेत. गावात राहणाऱ्या दोन भावांनी बहिणींच्या सह्यांवाचून केलेले खरेदीखत फार तर त्या दोघांच्या हिश्श्यापुरते टिकते. परदेशातील हिस्सेदाराच्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतो, तेव्हा ते पत्र नोंदवलेले, चालू आणि विक्रीचा अधिकार देणारे आहे काय हे पाहावे लागते. केवळ मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

ज्याला ‘प्लॉटिंग’ म्हणतात, त्यातही हेच घडते. एका एकराचे तुकडे कागदी नकाशावर पाडून वीस जणांना दोन-दोन गुंठे विकले जातात, पण तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्र सातबारा निघत नाही, म्हणून सर्वांचे एकत्र खरेदीखत होऊन वीस नावे एकाच उताऱ्यावर चढतात. असा खरेदीदार आपल्या दोन गुंठ्यांचा मालक होत नाही. तो पूर्ण एकरातील अविभक्त हिस्सेदार होतो, आणि बांधकाम, कर्ज, विक्री यांपैकी काहीही इतर एकोणीस जणांशी संबंध न येता त्याला करता येत नाही. गुंठा सुमारे 101 चौरस मीटरचा असल्याने पाच गुंठ्यांपुढील भूखंड योजना 500 चौरस मीटरची मर्यादा ओलांडते आणि महारेराच्या नोंदणीस पात्र ठरते. ती टाळण्यासाठी विक्रीला ‘शेतजमीन’ हे नाव दिले जाते. पण शेतजमीन म्हटले की कुळकायद्याचे कलम 63 आडवे येते, ज्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून ती घेता येत नाही, आणि घेतली तर कलम 84 क खाली व्यवहार अवैध ठरू शकतो. एका कायद्यातून सुटण्याची वाट दुसऱ्या कायद्यात जाऊन अडकते, हे विक्रेत्याला ठाऊक असते.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा की, हक्क निर्वेध होईपर्यंत थांबणाऱ्याला जमीन स्वस्त मिळतच नाही. कोकणात ज्यांनी पैसा केला त्यांनी गुंतागुंतीच्या जमिनीच घेतल्या. हे खरे आहे. मात्र त्यांनी एकावर सर्वस्व लावले नव्हते, त्यांना कोणता वारस कोठे राहतो हे माहीत होते, आणि तलाठी कार्यालयापासून दिवाणी न्यायालयापर्यंत फेऱ्या घालण्यास त्यांच्याकडे वेळ आणि माणसे होती. त्यांचा नफा हा जमिनीचा भाव नसून गुंता सोडवण्याची मजुरी आहे. नवखा तोच भाव मोजतो, परंतु ते काम त्याला येत नाही.

मंडनाची बाजू यातूनच निघते. आरंभ करणाऱ्याने ज्या मालमत्तेचा हक्क आणि वापर दोन्ही आधीच निश्चित झाले आहेत अशीच घ्यावी, मग ती लहान असो वा महाग : मंजूर आराखड्यातील आणि महारेरा क्रमांक असलेला बिगरशेती भूखंड, किंवा नगरपंचायत हद्दीतील भाडे देणारा गाळा. इसारा देण्यापूर्वी तीस वर्षांचा शोध अहवाल, सर्व फेरफार, शासकीय मोजणी आणि वर्तमानपत्रातील जाहीर सूचना यांवर खर्च करावा. व्यवहार मोडला तर हा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो, पण तोच त्या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग असतो. नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पर्यटकांच्या भाड्यावर भिस्त ठेवणाऱ्याने 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातील छपरे आणि सुपारीच्या बागा कशा झोपवल्या हे हिशेबात धरावे. ज्याला इतकेही शक्य नाही, त्याच्यासाठी शेअर बाजारात 2019 पासून नोंदलेले रिट, म्हणजे कार्यालयीन इमारतींच्या भाड्याचे उत्पन्न वाटून देणारे न्यास, हा मार्ग खुला आहे. त्यात समुद्राची हवा नाही, पण भाऊबंदकीही नाही.

तथापि म्हसळ्याशी नाते असलेल्या बहुसंख्य नवख्यांना काही विकत घेण्याची गरजच नाही, ही गोष्ट या चर्चेत सहसा निघत नाही. मुंबईतील चाकरमानी किंवा कुवेतमध्ये काम करणारा तरुण एजंटाकडून परक्याचे दोन गुंठे घेतो, तेव्हा त्याच गावात त्याच्या आजोबांच्या नावावरील जमिनीत त्याचा हिस्सा वारस नोंदीवाचून पडून असतो. वारस फेरफार करून घेणे, सर्व हिस्सेदारांच्या संमतीने महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करणे, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घेणे, याला लागणारी रक्कम बाहेरच्या दोन गुंठ्यांच्या किमतीच्या तुलनेत क्षुल्लक असते. अविभक्त, न मोजलेल्या हिश्श्याला घेणारा मिळाला तरी तो पडत्या भावानेच घेतो. वाटप होऊन स्वतंत्र उतारा निघाला की तीच जमीन तारण ठेवता येते, भाड्याने देता येते आणि पूर्ण भावाने विकता येते. बाजार तसूभर न हलताही ही वाढ मिळते. अडचण कायद्याची नसून चुलत्यांना एका दिवशी एका टेबलाशी बसवण्याची आहे, आणि परदेशातील मंडळी रमजान ईदला वा चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा सह्यांची कागदपत्रे तयार ठेवली, तर तीही पुष्कळ अंशी सुटते.