बाटली लावण्याआधी

अंगात कणकण आली, थकवा वाटला, की "डॉक्टर, एक बाटली लावा" असा आग्रह धरणारा रुग्ण महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या दवाखान्यात भेटतो. सलाईन म्हणजे ताकद, ही समजूत फार पक्की. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, यापलीकडे साध्या सलाईनमध्ये काही नसते, हे सांगून पटत नाही. पण रुग्णालाच कशाला हसायचे? अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांचीही या बाटलीवर अशीच श्रद्धा होती. रक्तदाब घसरला, लघवी कमी झाली, की सलाईन सोडा. फरक पडला नाही, तर आणखी सोडा.

या श्रद्धेला मोठा हादरा बसला तो आफ्रिकेतून. केनिया, युगांडा आणि टांझानियात तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेतून झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या मुलांपैकी शेकडा साडेदहा ४८ तासांत दगावली. तसे न दिलेल्यांपैकी सुमारे सात. जुलाबाने सुकलेली मुले यात नव्हती; तिथे पाणी हेच औषध, याविषयी वाद नाही.

प्रश्न आहे तो सुकलेला रुग्ण आणि तुंबलेला रुग्ण ओळखण्याचा. वरवर दोघे सारखेच दिसतात. कोकणातल्या विंचूदंशाचेच पाहा. हातपाय गार, नाडी बारीक, आणि फुप्फुसांत मात्र पाणी भरत चाललेले. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा रुग्णांना प्राझोसिनने वाचवता येते हे दाखवून दिले. तिथे बाटल्यांमागून बाटल्या सोडणे म्हणजे बुडणाऱ्यावर पाणी ओतणे.

खाटेशेजारची सोनोग्राफी इथे कामी येते. हृदय रिकामे होऊन धडपडते आहे की थकून जेमतेम आकुंचन पावते आहे, हे पडद्यावर दिसते. फुप्फुसांत पाणी साचू लागले की धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या पांढऱ्या रेघा उमटतात. फ्रान्समधील डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाईन यांनी या रेघा वाचायला जगाला शिकवले. शिवाय एक साधी युक्ती आहे. रुग्णाचे पाय उचलून धरायचे. पायांतले रक्त हृदयाकडे धावते, म्हणजे जणू त्याचेच रक्त त्याला उसने दिले. हृदयातून बाहेर पडणारा प्रवाह वाढला, तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता. न वाढल्यास बाटली बाजूला ठेवावी. पाय खाली घेतले की उसनवारी फिटली!

यंत्र म्हणजे जादू नव्हे. न्यूमोनियातही त्या रेघा दिसतात. पोटातल्या महाशिरेची रुंदी पाहून अंदाज बांधण्याची पद्धत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात फसवू शकते. म्हणूनच यंत्राइतकाच सराव महत्त्वाचा, आणि तो मिळण्याच्या वाटेत आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राला नोंदणी लागते. २०१२ च्या नियमांनुसार हलवता येण्याजोगे यंत्र नोंदलेल्या आवारात, दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. हा जाच विनाकारण आलेला नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. यंत्राने केलेले पाप डॉक्टरांच्याच हातून झाले, हे विसरून कायद्याला शिव्या घालणे शोभणारे नाही.

परंतु अतिदक्षता विभागातला वापर या नियमांत बसतो, हेही तितकेच खरे. कागदातल्या चुकीपायी यंत्र सील होईल या धास्तीने ते क्ष-किरण विभागाच्या कुलपात राहत असेल, तर ते कुलूप कायद्याने घातलेले नाही. अतिदक्षता विभागाचे यंत्र नोंदणीत स्वतंत्र दाखवावे, ते कोणी, कोणत्या रुग्णासाठी वापरले याची वही खाटेजवळ ठेवावी, आणि जिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला हृदय व फुप्फुस पाहण्याचे शिक्षण नोकरीतच द्यावे. रात्री दोन वाजता परिचारिका विचारते, "सर, अजून एक लावू का?" तेव्हा आज त्याच्या हाती बहुधा फक्त स्टेथोस्कोप असतो.