रंग दिवाळीचा, भिंत भाद्रपदातली

बारामती-इंदापूरकडे पाऊस मुळात थोडा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. पुढच्याच महिन्यात दिवाळीसाठी रंगारी घरात शिरतो, तेव्हा भिंतीच्या पोटात ओल असते. त्यावर ऑइलपेंटसारखा घट्ट थर दिला की ओलीला वाट उरत नाही, फोड येतात आणि संक्रांतीपर्यंत पापुद्रे सुटतात. ओल जमिनीतूनही येते. नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 पासून या भागात खेळतंय. त्यानं ऊस आणला, समृद्धी आणली, पण अतिपाण्यानं काही जमिनी खारवल्या. अशा जमिनीवरच्या घरांत लोणा वर चढतो. त्याला पुट्टीनं झाकणं ही निव्वळ फसवणूक आहे. आधी ओल कुठून येते ते शोधावं. जुन्या दगडमातीच्या भिंतीला तर चुनाच द्यावा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. छटा कार्डावर ठरवू नये, हे मी आग्रहानं सांगते. हातभर पट्टा भिंतीवर मारून सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघावा. आपल्याकडच्या उन्हात पांढराशुभ्र डोळ्यांना टोचतो, फिकट बदामी डोळे निववतो. बैठकीत मॅट बरा, कारण चकाकी गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दाखवते. स्वयंपाकघरात मात्र फोडणीचे डाग पुसता येतील असा साटिन हवा. आणि जमलं तर हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, तेव्हा भिंती खरोखर कोरड्या असतात.