मंदीच्या नावावर खपवलेली तूट

मंदीत सरकारने कर्ज काढूच नये, असं मी कधीच म्हणणार नाही. २०२० साली लोकांचे रोजगार बुडाले तेव्हा सरकारने हात आखडता घेतला असता, तर तो गुन्हाच ठरला असता. माझा संताप आहे तो पुढच्या लबाडीवर. तूट आटोक्यात ठेवू असं कायद्यात लिहून द्यायचं, संकट आलं की तो कायदा सैल करायचा आणि बरे दिवस आले तरी शब्द पाळायचा नाही!

वित्तीय जबाबदारीचा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य कर्नाटक. साल २००२. पुढे वर्षानुवर्षं या राज्याने महसूल शिलकीत ठेवला आणि त्याचा अभिमान मलाही होता. २०२० मध्ये राजकोषीय तुटीची मर्यादा ३ टक्क्यांवरून ५ वर नेली. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांनी १५ हजार कोटींहून अधिक महसुली तूट मांडली. दोन्ही समजण्यासारखं. २०२२-२३ मध्ये महसूल पुन्हा शिलकीत आला. संकट सरलं होतं. मग जुलै २०२३ मध्ये नवे मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी साडेबारा हजार कोटींची महसुली तूट मांडली, २०२४ मध्ये २७ हजार कोटींची आणि २०२५ मध्ये १९ हजार कोटींची. ही कुठली मंदी?

केंद्राने वाटा कापला, हे उत्तर तयार असतं. कापला, हे खरंच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा हिस्सा ४.७१ टक्क्यांवरून ३.६५ वर आणला, तो अन्यायच. पण २०२३ च्या प्रचारात काँग्रेसला पाच हमी वाटताना हा आकडा ठाऊक नव्हता का? बाईच्या हातात पडणाऱ्या गृहलक्ष्मीच्या दोन हजारांना माझा विरोध नाही. ते कुठून आणणार, हे मत मागताना लपवलं, त्याला आहे.

वसुली कशी झाली, ते आमच्या बेंगळुरूतल्या यशवंतपूरच्या एपीएमसी यार्डात येऊन बघा. नाशिक-सोलापूरकडचा कांदा घेऊन ट्रक येतात. ताडपत्री सुटते, हमाल पाठीवर पोती घेतात आणि आडत्याच्या हातात भाड्याची पावती पडते. १५ जून २०२४ ला, लोकसभेचा निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, राज्याने पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवला आणि दोन्ही लिटरमागे तीन रुपयांच्या आसपास महागली. एप्रिल २०२५ मध्ये डिझेल आणखी दोन रुपयांनी चढलं. ते भाड्यात उतरतं, भाडं कांद्यात. मतदानाआधी कुणी बोललं होतं?

दिल्लीची कथा याहून निर्लज्ज. वित्तीय जबाबदारीच्या २००३ च्या कायद्याने केंद्राची महसुली तूट २००८ पर्यंत शून्यावर यायची होती, मग मुदत २००९ पर्यंत लांबवली. फेब्रुवारी २००८ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी अर्थसंकल्पी भाषणात २.५ टक्के राजकोषीय तुटीचा अंदाज सांगितला. जागतिक मंदी आली खरी, पण साठ हजार कोटींची कर्जमाफी त्याच भाषणात जाहीर झाली होती आणि तेल कंपन्यांना दिलेले रोखे त्या तुटीत मोजलेच नव्हते. वर्षअखेरी आकडा ६ टक्क्यांवर गेला. २०१८ मध्ये मोदी सरकारने महसुली तुटीचं लक्ष्य कायद्यातूनच पुसून टाकलं. पाळता येत नाही ना, मग खोडून टाका!

आणि जीएसटी? राज्यांना पाच वर्षं महसुलात १४ टक्के वाढीची हमी कायद्याने दिलेली. ऑगस्ट २०२० मध्ये तिजोरी आटली तेव्हा, कर्नाटकातूनच राज्यसभेवर गेलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी दैवी कोपाचं कारण पुढे केलं आणि राज्यांना कर्ज काढायला सांगितलं. त्याआधी वर्षभरही झालं नव्हतं, कंपन्यांना १ लाख ४५ हजार कोटींची करसवलत देताना याच तिजोरीत पैसा होता. २०२१ मध्ये त्यांनी राजकोषीय तूट साडेचार टक्क्यांखाली आणण्याचा शब्द दिला आणि २०२५-२६ चा अंदाज ४.४ टक्क्यांचा मांडला, हेही नोंदवतो. पण २०१८ मध्ये दुरुस्त केलेल्या कायद्यातली ३ टक्क्यांची मुदत मार्च २०२१ लाच संपली होती. त्याबद्दल कुणाची खुर्ची गेली?

विधानसौधात पुढचा अर्थसंकल्प वाचला जाईल तेव्हा मला आकड्यांच्या जंत्रीतून दोनच गोष्टी ऐकायच्या आहेत. महसुली तूट नेमक्या कोणत्या वर्षी शून्यावर आणणार, आणि नाही आणली तर राजीनामा कोण देणार.