संशोधकाची रजा कुणाच्या मर्जीवर?

मे महिना लागला की विद्यापीठाला सुट्टी लागते. प्राध्यापक गावी जातात, पदवीचा विद्यार्थी परीक्षा देऊन मोकळा होतो. पीएच.डी.च्या संशोधकाला मात्र सुट्टी आहे की नाही, हे कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. धाराशिवच्या उपकेंद्रात किंवा सुमारे अडीचशे किलोमीटरवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मुख्य परिसरात संशोधन करणारी आपली अनेक मुले-मुली घरातली शिकणारी पहिलीच पिढी आहेत. सोयाबीनची काढणी, आईचा दवाखाना, बहिणीचे लग्न त्यांच्यावाचून अडते. ती जातात, पण चोरासारखी जातात. 'सरांना सांगून आलोय' एवढीच त्यांची रजा!

नियम काय म्हणतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फेलोशिपधारकाला सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवसांची रजा आहे, तीही विभागाच्या मंजुरीने. उन्हाळी-हिवाळी सुट्टीचा हक्क नाही, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे शुल्क भरताना तो विद्यार्थी आणि हजेरी घेताना नोकर. नोकराची अर्जित रजा मात्र त्याला नाही. हे ३० दिवसही तोंडी घेतले तर कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत. मार्गदर्शकाशी बिनसले की तेच दिवस 'गैरहजेरी' ठरतात आणि संस्थेने दरमहा खातरजमा केल्याशिवाय पैसा सुटत नाही. अशी प्रकरणे आमच्याकडे येतात तेव्हा हातात एकही कागद नसतो.

विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असे विचारले होते. संशोधन म्हणजेच सुट्टी, असा समज असणाऱ्यांकडून रजेची अपेक्षा काय करावी?

खरा प्रश्न मुलींचा आहे. आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांत संशोधक स्त्रीला प्रसूती वा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आली. पण शब्द पाहा: रजा 'देता येईल'. 'दिली जाईल' असे नाही. कायद्यात या दोन शब्दांमध्ये अख्खा हक्क बुडतो. त्या काळात फेलोशिप चालू राहील का, हे त्या वाक्यात नाही. ते फेलोशिपच्या नियमांत वेगळे शोधावे लागते. ज्या मुलीला फेलोशिपच नाही तिने काय शोधावे? दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये एम.एड.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात उच्च शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एक निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेतली. बाबासाहेबांनी तर १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाच्या काळातील विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे मांडले होते. ते विधेयक गिरणी-कारखान्यांतील बायांसाठी होते. त्यांच्या नाती-पणती आज प्रबंध लिहीत आहेत.

दुसरी गोष्ट मुदतीची. पीएच.डी.ला सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रिया व दिव्यांगांना त्यावर दोन. घरातले आजारपण किंवा मजुरीचा हंगाम यांसाठी हे घड्याळ थांबत नाही. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले, तेव्हा त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुढे चालू करण्याची परवानगी मिळाली होती. ते १९२० ला परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती परवानगी नसती तर?

आमची मागणी साधी आहे. विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ठराव करून 'देता येईल'च्या जागी 'देण्यात येईल' करावे आणि रजेचा काळ मुदतीतून वगळावा. तोवर धाराशिवच्या संशोधकांनी एक दिवसाची रजाही लेखी अर्जानेच घ्यावी, आवक क्रमांकासह पोच मागावी. आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विद्यापीठाला विचारावे: २०१६ पासून २४० दिवसांच्या रजेसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती जणींची फेलोशिप रजेत चालू राहिली?