पावसाआधी दुरुस्तीची वही उघडा

महापालिकेच्या चाळींत, सफाई कामगारांच्या वसाहतींत, कर्मचारी निवासांत राहणाऱ्या मुंबईकरांनो,

पाऊस तोंडावर आला आहे. म्हणून हे घाईने लिहीत आहे. वाचून झालं की तितक्याच घाईने शेजारच्या खोलीत द्या.

२७ सप्टेंबर २०१३ ची पहाट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळची बाबू गेनू मंडईची इमारत लोक झोपेतून उठता उठता कोसळली आणि ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेच्या मालकीची. राहणारे पालिकेच्याच मंडई खात्यातले कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. वयही फार नव्हतं, तीस-पस्तीस वर्षांच्या आतबाहेर. तिला दुरुस्ती हवी आहे हे पालिकेच्या कागदावर आधीच आलेलं होतं. तळमजल्यावरच्या गाळ्यात केलेल्या फेरबदलांवर नंतर बोट ठेवलं गेलं, अभियंत्यांना अटक झाली. पण दुरुस्ती हवी असं लिहिणं आणि दुरुस्ती होणं यांच्या मधल्या काळात त्या घरांतले लोक तिथंच स्वयंपाक करत होते, मुलांना शाळेत धाडत होते.

खासगी इमारतीत मालक एक, भाडेकरू दुसरा आणि दोघांवर नजर ठेवणारी पालिका तिसरी. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करायला लावणारं ३५३-ब हे कलम १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आहे. धोकादायक बांधकामासाठी ३५४ आहे. मालक दुर्लक्ष करतो, पालिका नोटीस बजावते. तुमच्या घरात मात्र मालक पालिका, तपासणारी पालिका, कंत्राट देणारी पालिका आणि काम झालं असा शेरा मारणारीही पालिकाच. तिथं तिसरा साक्षीदार कोण? फक्त तुम्ही. आणि तुमच्याकडे आज लिहिलेलं काहीही नाही.

तक्रारी तुम्ही करता, त्यात कमी पडत नाही. जिन्यात भेटलेल्या मुकादमाला सांगता, चौकीत जाता, नगरसेवकाच्या कार्यालयात जाता. पण तोंडी तक्रार हवेत विरते. आणि लेखी दिलेलीही बहुतेकदा कशी संपते? कंत्राटदाराचा माणूस येतो, पोपडे खरवडतो, सिमेंटचा गिलावा मारतो, वरून चुना फिरवतो. दफ्तरात तक्रार ‘निकाली’ निघते. छत दिवाळीपर्यंत कोरडं दिसतं, पुढच्या जुलैत त्याच जागी पुन्हा डाग उमटतो.

हा गिलावा मला सर्वांत भीतिदायक वाटतो. गळती वरच्या मोरीतून, संडासाच्या सांध्यातून किंवा गच्चीतून झिरपते. ते पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि फुगताना भोवतीचं काँक्रीट फोडतं. म्हणून पोपडा पडतो. पाण्याची वाट तशीच ठेवून, गंज साफ न करता वरून गिलावा चढवला तर आतली सळई झिजतच राहते. आपल्याला दिसणारी खूण तेवढी झाकली जाते. लाकडी बांधणीच्या जुन्या चाळींत हाच खेळ तुळईच्या टोकाशी चालतो. भिंतीत शिरलेलं टोक फुटक्या पाइपाच्या ओलीने कुजतं, आणि बाहेरून तुळई धडधाकट दिसते.

म्हणून या दुरुस्ती सेवेचा आढावा आता रहिवाशांनी घ्यायचा आहे. दर इमारतीत एक जाड वही घाला. खोली क्रमांक, दोष कुठे दिसला, तक्रार कोणत्या तारखेला दिली, आवक क्रमांक काय मिळाला, पाहणीला कोण आलं, काम कधी सुरू झालं, नेमकं काय केलं, आणि त्यानंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात गळती थांबली का, एवढं लिहा. शेवटचा रकाना सोडू नका. आढावा खरा तोच. फोटो काढा, तारखेसकट जपा. पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी इमारतीतली कॉलेजची मुलं बसवा. दारोदार जाऊन एका रविवारी हे काम होतं.

वहीच्या जोडीला कागद मागा. तुमची इमारत सी-१, सी-२अ, सी-२ब की सी-३ या वर्गात आहे हे विचारा. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. मधल्या दोन वर्गांत मोठी दुरुस्ती, सी-२अ मध्ये ती इमारत रिकामी करून. तपासणीचा अहवाल, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातली पानं, कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी (म्हणजे काम बिघडलं तर त्यानेच ते पुन्हा करून द्यायची मुदत), सगळं माहितीच्या अधिकारात मिळतं. अर्जाला १० रुपये लागतात, मुदत ३० दिवसांची. माणसाच्या जिवाशी संबंध असलेली माहिती ४८ तासांत द्यायची असं तो कायदाच सांगतो, तेव्हा अर्जात तसं ठळक लिहा. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तो फार कमी लोक वापरतात.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. खोली मोठी करायला आपणही भिंती काढल्या आहेत, पोटमाळे चढवले आहेत, मोऱ्या हलवल्या आहेत. वहीत तेही लिहा. लपवलंत तर पहिला धोका तुमच्याच डोक्यावर आहे.

इमारत सोडायची भीती मला कळते. संक्रमण शिबिरात गेलेलं कुटुंब वर्षानुवर्षं परतलं नाही, हे प्रत्येकाने ऐकलेलं आहे. म्हणून खोलीवरचा हक्क, पर्यायी जागा आणि परत येण्याची मुदत लेखी मागा, सगळ्यांनी मिळून, एका अर्जावर. पण रोज सहज लागणारं दार अचानक अडकू लागलं, भेग दिवसागणिक रुंदावली, छतातून माती झरू लागली किंवा तुळई करकरली, तर त्या कागदाची वाट पाहू नका. म्हाताऱ्यांना आणि मुलांना घेऊन आधी खाली या, शेजाऱ्यांची दारं ठोठवा आणि पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १९१६ वर फोन करा.

हा रविवार वाया घालवू नका. वही आणा, पहिल्या पानावर इमारतीचं नाव आणि तारीख घाला, आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात करा.